मेदवितरण

मानवी शरीरात चरबी कोणत्या भागात व किती प्रमाणात साठते, त्या रचनेला मेदवितरण म्हणतात. मेदऊती ऊर्जेचा साठा करते, तशीच लेप्टिनसारखी संप्रेरकेही स्रवते. तिचे गुणधर्म जागेनुसार बदलतात. म्हणून चरबी किती आहे याइतकेच ती कोठे आहे, हेही आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

स्थाने व कार्य : बहुतेक चरबी त्वचेखाली असते. नितंब व मांड्यांतील चरबी मेदाम्ले सावकाश सोडते, त्यामुळे ती तुलनेने निरुपद्रवी असते. स्तनपानाच्या काळात हा साठा उपयोगी पडतो. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवतीची चरबी मात्र लवकर विघटित होते. तिच्यातील मेदाम्ले प्रवेशिका नीलेतून थेट यकृतात पोहोचतात. ही चरबी वाढल्यास इन्शुलिनचा प्रभाव घटणे, मधुमेह व हृदयविकार यांचा धोका वाढतो. तळपाय व डोळ्यांच्या खोबणीतील चरबी गादीचे काम करते. उपासमारीतही ती बराच काळ टिकते. तपकिरी चरबी साठा करण्याऐवजी इंधन जाळून उष्णता निर्माण करते. नवजात बालकात ती खांद्यांच्या पात्यांमध्ये, तर प्रौढांत मुख्यतः मानेत व गळपट्टीच्या हाडावर आढळते.

लिंगभेद : फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य झां व्हाग यांनी १९४७ मध्ये पुरुषी व स्त्री-पद्धतीचे मेदवितरण वेगळे करून दाखवले आणि पुरुषी पद्धतीचा संबंध मधुमेहाशी जोडला. इस्ट्रोजेनमुळे स्त्रियांची चरबी नितंब-मांड्यांकडे वळते. रजोनिवृत्तीनंतर ती पोटाकडे सरकू लागते.

भारतीयांमधील वितरण : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांतल्या नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांशी केली. सरासरी वजन पुण्याकडे सु. २.७ किग्रॅ., तर तिकडे सु. ३.५ किग्रॅ. होते. पुण्याच्या बालकांत स्नायू व पोटातील अवयव बरेच लहान होते, पण पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, पण शरीरात मेदाचे प्रमाण अधिक, अशी ही ठेवण आहे. म्हणूनच सडपातळ माणसालाही मधुमेह होऊ शकतो, हे येथे विसरून चालत नाही.

मापन : सीटी व एमआरआय प्रतिमांतून पोटातील चरबी अचूक मोजता येते. घरी मोजपट्टीही उपयोगी पडते : दक्षिण आशियाई पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. झाला, की तो धोक्याचा इशारा मानतात. वजनकाट्याला न दिसणारी चरबी या साध्या मापातून वेळीच लक्षात येते.