क्रायोस्टॅट

क्रायोस्टॅट हे पदार्थाचा नमुना किंवा मापनाचे उपकरण अतिशय नीच तापमानास स्थिर ठेवून त्यावर प्रयोग करण्यासाठी वापरले जाणारे पात्र होय. द्रव नायट्रोजन (उत्कलनबिंदू ७७ केल्विन) किंवा द्रव हेलियम (४.२ केल्विन) यांच्या साहाय्याने अथवा यांत्रिक शीतकाने ते थंड केले जाते. अतिसंवाहक चुंबक, अवरक्त दुर्बिणींचे संवेदक, रुग्णालयांतील एमआरआय यंत्रे आणि अलीकडील क्वांटम संगणक यांपैकी बहुतेकांच्या पोटात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा क्रायोस्टॅट असतो. गोठवलेल्या ऊतींचे पातळ छेद घेणाऱ्या यंत्रालाही वैद्यकीय प्रयोगशाळांत हेच नाव आहे. त्या यंत्राचा विचार येथे केलेला नाही.

उष्णतेचा हिशेब

क्रायोस्टॅटची रचना समजून घेताना थंडी कशी निर्माण होते यापेक्षा बाहेरची उष्णता आत कशी शिरते हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. द्रव हेलियमची अप्रकट उष्णता फारच कमी आहे. १ वॉट इतकी उष्णता तासभर आत येत राहिली, तर सुमारे १.४ लिटर द्रव हेलियम उकळून जाते. तेवढ्याच उष्णतेने द्रव नायट्रोजन मात्र जेमतेम २२ मिलिलिटर उडतो. आणखी खाली, ०.०२ केल्विनच्या आसपास, शीतकाची उष्णता काढून घेण्याची क्षमता काही मायक्रोवॉट एवढीच उरते. तेथे एखादी जाड तार किंवा शेजारच्या पंपाचे कंपनसुद्धा प्रयोग निकामी करू शकते.

इतिहास

जेम्स डेवर यांनी १८९२ मध्ये दुहेरी भिंतींचे निर्वात पात्र तयार केले आणि १८९८ मध्ये त्याच्या आधारे हायड्रोजन द्रवरूप केला. घरोघरी वापरला जाणारा थर्मास हा याच पात्राचा वंशज आहे. १० जुलै १९०८ रोजी नेदरलँड्समधील लायडन येथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी हेलियमचे द्रवीकरण साधले. मात्र तो द्रव सुरुवातीला द्रवीकरण यंत्रातच अडकून होता. १९११ मध्ये तो वेगळ्या क्रायोस्टॅटमध्ये नेण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी पाऱ्याचा विद्युत रोध ४.२ केल्विनच्या आसपास एकाएकी नाहीसा होतो, असे आढळले. अतिसंवाहकतेचा हा शोध चांगल्या पात्राचाही शोध होता, असे म्हणावयास हरकत नाही.

रचना

उष्णता वहन, अभिसरण व प्रारण या तीन मार्गांनी प्रवास करते. पहिल्या दोहोंस आळा घालण्यासाठी आतील व बाहेरील भिंतींमधील जागा निर्वात केली जाते. प्रारण निर्वातातूनही जाते आणि त्याचे प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार बदलते. म्हणून हेलियमच्या पात्राभोवती ७७ केल्विनचे एक धातूचे कवच बसवितात. ३०० केल्विनच्या भिंतीऐवजी ७७ केल्विनची भिंत समोर आल्याने प्रारण सुमारे २३० पटींनी घटते. याशिवाय ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांचे अनेक थर गुंडाळले जातात.

आतील पात्र कशाला तरी टांगावे लागतेच, त्यामुळे वहन पूर्णपणे टळत नाही. यासाठी पात्राची मान पातळ स्टेनलेस स्टीलची करतात, कारण नीच तापमानास हे पोलाद उष्णतेचे मंद वाहक असते. उकळून वर जाणारे थंड बाष्प या मानेला घासून जाईल अशी योजना असते. ४.२ केल्विनचे हेलियम बाष्प कक्ष तापमानापर्यंत तापताना जी उष्णता शोषते, ती त्याच्या अप्रकट उष्णतेच्या सुमारे ७५ पट असते. ही थंडी वाया घालविणारा क्रायोस्टॅट चालविणे फार महाग पडते.

४.२ केल्विनच्या खाली

द्रव हेलियमवरील बाष्प पंपाने ओढून घेतल्यास त्याचे तापमान सुमारे १.२ केल्विनपर्यंत उतरते. हेलियम-३ या दुर्मीळ समस्थानिकावर हीच क्रिया केल्यास ०.३ केल्विन गाठता येते. त्याहून खाली जाण्यासाठी विरलन शीतक वापरतात. याची कल्पना हाइन्त्स लंडन यांनी १९५१ मध्ये मांडली आणि पहिले यंत्र १९६० च्या दशकात लायडन येथे चालले. हेलियम-३ व हेलियम-४ यांचे मिश्रण सुमारे ०.८७ केल्विनच्या खाली दोन थरांत विभागते. खालच्या, हेलियम-४ ने समृद्ध असलेल्या थरात निरपेक्ष शून्याजवळही सुमारे ६.६ टक्के हेलियम-३ विरघळलेले राहते. वरच्या थरातील हेलियम-३ चे अणू खालच्या थरात जाताना उष्णता शोषून घेतात, जणू काही द्रवातच बाष्पीभवन व्हावे. हे अणू दुसऱ्या टोकाकडून पंपाने काढून पुन्हा आत सोडल्याने शीतन अखंड चालू राहते आणि काही मिलिकेल्विन इतके तापमान दीर्घकाळ टिकते.

द्रव हेलियमऐवजी बंद चक्रात चालणारे स्पंदनलिका शीतकही आता रूढ झाले आहेत. ते ४ केल्विनला सुमारे १ वॉट उष्णता काढतात. त्यासाठी त्यांच्या संपीडकाला कित्येक किलोवॉट वीज लागते. त्यांची कंपने सूक्ष्म मापनांत अडथळा आणतात.

तारा व सांधे

उपकरणाला जोडलेली प्रत्येक तार ही उष्णतेची वाट असते. धातूंमध्ये विजेचा चांगला वाहक हा उष्णतेचाही चांगला वाहक असतो, त्यामुळे तांब्याच्या तारा सरसकट वापरता येत नाहीत. मँगॅनिन किंवा फॉस्फर-ब्राँझ यांच्या बारीक तारा घेतात. सुमारे ९ केल्विनच्या खाली नायोबियम-टायटॅनियमची तार सोयीची ठरते, कारण ती अतिसंवाहक होते आणि उष्णता मात्र फारशी वाहून नेत नाही. प्रत्येक टप्प्यावर तार तांब्याच्या खुंटीभोवती गुंडाळून वार्निशने चिकटवितात, म्हणजे तिच्यातील उष्णता तेथेच उतरते.

कक्ष तापमानापासून ४ केल्विनपर्यंत तांबे व पोलाद सुमारे ०.३ टक्के, तर टेफ्लॉन सुमारे २ टक्के आकुंचन पावते. हा फरक ध्यानात न घेतल्यास सांधे तडकतात. रबरी कडी थंडीत कडक होऊन गळू लागते, म्हणून थंड भागांत इंडियम या मऊ धातूची तार दाबून सांधा बंद केला जातो. २.१७ केल्विनच्या खाली हेलियम-४ अतिप्रवाही होते आणि कक्ष तापमानास अजिबात न आढळणाऱ्या छिद्रातूनही निसटते.

तापमापन

३० केल्विनपर्यंत प्लॅटिनमचा रोध-तापमापक, त्याखाली सिलिकॉन डायोड आणि मिलिकेल्विन पल्ल्यात रुथेनियम ऑक्साइडचे रोधक वापरले जातात. १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीची खालची मर्यादा ०.६५ केल्विन आहे. त्याखाली ०.९ मिलिकेल्विनपर्यंत हेलियम-३ च्या वितलन दाबावर आधारलेली श्रेणी २००० साली स्वीकारण्यात आली.

तापमापक जे दाखवितो ते त्याचे स्वतःचे तापमान असते, नमुन्याचे नव्हे. रोध मोजण्यासाठी सोडलेला विद्युत प्रवाहच रोधकाला तापवू शकतो. म्हणून प्रवाह कमी-अधिक करून वाचन बदलते का, हे तपासण्याचा प्रघात आहे. द्रव हेलियम व घन पदार्थ यांच्या सीमेवर उष्णतेला विरोध होतो. प्योत्र कापित्सा यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विरोध तापमान उतरत जाईल तसा झपाट्याने वाढतो. त्यावर उपाय म्हणून चांदीची बारीक पूड भाजून तिच्या सच्छिद्र वड्या करतात आणि त्यांचे प्रचंड पृष्ठफळ द्रवाच्या संपर्कात आणतात.

चालविण्याची पद्धत

प्रथम निर्वात भाग पंपाने रिकामा करून हेलियम गळतीशोधकाने सर्व सांधे तपासतात. नंतर द्रव नायट्रोजनने पूर्वशीतन करतात. केवळ अप्रकट उष्णतेच्या बळावर १ किलोग्रॅम तांबे ३०० केल्विनपासून ४.२ केल्विनपर्यंत थंड करावयाचे झाल्यास सुमारे ३० लिटर द्रव हेलियम लागेल. ७७ केल्विनपासून सुरुवात केल्यास सुमारे २ लिटर पुरते. पूर्वशीतनानंतर नायट्रोजनचा शेवटचा थेंबही काढून टाकावा लागतो, कारण तो ६३ केल्विनला गोठतो आणि त्याला थंड करण्यातच महागडे हेलियम खर्ची पडते. द्रव भरताना नळीचे टोक प्रारंभी पात्राच्या तळाशी असावे, म्हणजे थंड बाष्प संपूर्ण उपकरणाला स्पर्श करीत वर येते.

धोके

१ लिटर द्रव हेलियमपासून कक्ष तापमानास सुमारे ७०० लिटरहून अधिक वायू होतो. तो बंद खोलीत साचला तर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण घटते आणि कोणताही वास किंवा गुदमरल्याची पूर्वसूचना न मिळता माणूस बेशुद्ध पडतो. त्यामुळे प्रयोगशाळेत ऑक्सिजनमापक असणे आवश्यक मानले जाते. मानेत हवा शिरल्यास ती गोठून बूच बसते व आतील दाब वाढत जातो. प्रत्येक बंद जागेला स्वतंत्र सुरक्षा झडप लागते ती यासाठीच. ७७ केल्विनच्या उघड्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनही द्रवरूप होतो, आणि तो तेलाच्या संपर्कात येणे घातक ठरते.

१९ सप्टेंबर २००८ रोजी सर्न येथील लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये दोन चुंबकांमधील सदोष विद्युत जोडामुळे ठिणगी पडली, हेलियमच्या पात्राला भोक पडले आणि सुमारे ६ टन हेलियम बाहेर पडले. कोणालाही इजा झाली नाही, परंतु अनेक चुंबक जागेवरून सरकले व यंत्र वर्षाहून अधिक काळ बंद राहिले.

भारतातील संशोधन

मुंबईच्या कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नीच तापमान संशोधनाची दीर्घ परंपरा आहे. बिस्मथचा शुद्ध स्फटिक सामान्य दाबास ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिसंवाहक होतो, असे तेथील एस. रामकृष्णन व सहकाऱ्यांनी दाखविले. हे संशोधन २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एवढ्या नीच तापमानासाठी अणुकेंद्रीय विचुंबकन ही पद्धत वापरावी लागते. बिस्मथची ही अवस्था पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहूनही क्षीण क्षेत्राने नष्ट होते. त्यामुळे या प्रयोगात उष्णतेबरोबरच बाह्य चुंबकीय क्षेत्रही नमुन्यापासून दूर ठेवावे लागले.