मुलांच्या हालचालींची मोजदाद

हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली मिळणारे मनगटी घड्याळ वस्तुतः काळ सांगण्यासाठी निर्माण झाले; परंतु १९५९ साली शुलमन आणि रीसमन या अमेरिकी संशोधकांनी त्याच्या अंतर्यंत्रात असा फेरबदल केला, की अवयवाच्या हालचालीसरशी काटेच पुढे सरकावेत, आणि अतिचंचल म्हणून ज्यांचा बोभाटा होई त्या बालकांच्या चांचल्याचा निःपक्षपाती दाखला हाती यावा. ‘ॲक्टोमीटर’ नावाच्या या साधनाकडून एकंदर बेरीज तेवढी मिळे. हालचाल सकाळी झाली की सायंकाळी, सलग झाली की तुटक, हे त्यातून कळत नसे.

ही उणीव वेगातील बदल टिपणाऱ्या विद्युत् त्वरणमापकांनी भरून काढली. १९९० नंतरच्या दशकात फ्लोरिडात तयार होणारे, कमरपट्ट्याला लावायचे एक लहानसे यंत्र कालक्रमाने नोंदी ठेवू लागले. तथापि त्याची स्मृती इतकी तोकडी होती, की आठवडाभराची खतावणी तीत मावावी म्हणून मिनिटामिनिटाची बेरीज करण्याची वहिवाट पडली. या शास्त्राच्या इतिहासातील खरा पेच, माझ्या मते, येथेच आहे. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ६ ते १० वर्षांच्या १५ मुलांचे दर ३ सेकंदांनी निरीक्षण करून दाखवून दिले, की जोमदार हालचालीचा मध्यक कालावधी अवघा ३ सेकंदांचा असतो: मूल धावते, थबकते, वाकून काही उचलते, पुन्हा धावते. प्रौढांच्या संथ चालीला साजेसे मिनिटाचे माप त्याला लावले, म्हणजे धावेचे क्षण विश्रांतीच्या क्षणांत मिसळून हिशेबातून नाहीसे होतात.

त्यात भर अशी, की जोमदार कशाला म्हणावे याची मर्यादाही ज्याने त्याने निराळी ठरविली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिस्टॉल परिसरातील ११ वर्षांच्या ५,५९५ मुलांच्या पाहणीत रोज ६० मिनिटांच्या हालचालीची शिफारस पुरी करणारी मुले २.५ टक्केच भरली. २००३-०४ च्या अमेरिकी राष्ट्रीय पाहणीत ६ ते ११ वयोगटात हेच प्रमाण ४२ टक्के आले, आणि यंत्र तर दोन्हीकडे एकाच घराण्याचे. वयाचा फरक जमेस धरला तरी एवढी तफावत केवळ दोन देशांच्या बालपणात असेल, हे मला पटत नाही. इंग्रज मुलांवर आळसाचा ठपका ठेवण्यापूर्वी निवाडा देणाऱ्यांनी आपली मापे तपासावयास हवी होती.

२०११ पासून त्याच अमेरिकी पाहणीत मनगटावर बांधलेले यंत्र सेकंदाला ८० नोंदी मूळ स्वरूपातच साठवू लागले, त्यामुळे माप मिनिटाचे घ्यावे की सेकंदांचे, हा निर्णय मोजणीनंतरही घेता येतो, आणि मर्यादा बदलली तरी तेच दफ्तर पुन्हा उघडून नवा हिशेब मांडता येतो.