धुळ्याचे उत्तर कलकत्त्यास

पांझरेच्या उत्तर तीरावर देवपूर आणि दक्षिण तीरावर जुने धुळे; आज ही एकाच शहराची दोन अंगे आहेत. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा या मुलखाची अवस्था मोठी शोचनीय होती. होळकरशाहीची यादवी, १८०३-०४ चा दुष्काळ व पेंढाऱ्यांची लूट यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. सातपुड्यातील भिल्ल कोणाचीच सत्ता मानीत नव्हते. अशा वेळी कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशचा कारभारी म्हणून आला आणि त्याने धुळे हे आपले ठाणे केले.

ब्रिग्जच्या वर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावण्यासाठी त्यास कमिशनर नेमले होते, आणि त्याने जाब द्यावयाचा तो कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलास. ज्यांनी हा मुलूख कधी पाहिला नव्हता, त्यांस तो कागदावरून समजावून द्यावयाचा होता. एल्फिन्स्टनने यासाठी एक चांगली रीत पाळली. पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क कोणते, सारा कसा ठरतो, पंचायत न्याय कसा करते, असे प्रश्न त्याने पुणे, अहमदनगर, खानदेश वगैरे ठिकाणच्या अधिकाऱ्यांस धाडले. आलेल्या उत्तरांच्या आधारे त्याने ऑक्टोबर १८१९ मध्ये आपला अहवाल सिद्ध केला. १८२१ साली तो कलकत्त्यास छापला गेला. जुनी वहिवाट एकाएकी मोडू नये, पंचायतीतील दोष काढावे पण पंचायत राखावी, असा त्याचा रोख होता.

अहवाल पुरा झाला आणि नोव्हेंबर १८१९ मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. म्हणजे ज्याने वर लिहिले, त्याच्याच हाती अंमल आला. तथापि त्याच्याही वर लंडनचे डायरेक्टर होते, आणि शिडाच्या जहाजाने एक पत्र तिकडे पोहोचावयास कित्येक महिने लागत.

या शिडीचा सर्वांत खालचा पायरीदार भिल्ल होता. त्याचे म्हणणे कागदावर आले ते अधिकाऱ्याच्या शब्दांत. त्यास नेमणुका देऊन शांत करावे की फौज पाठवून दडपावे, याचे प्रयोग सात वर्षे चालले. अखेर १८२५ साली एल्फिन्स्टनच्याच कारकीर्दीत भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, आणि जेम्स औट्रमने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारली. जो बंडखोर म्हणून अहवालात नोंदला गेला होता, त्यासच आता विश्वासाने हत्यार दिले गेले.

उलट प्रकार १८५२ साली घडला. कॅप्टन विन्गेटने खानदेशच्या जमीनमोजणीची योजना सरकारास सादर केली. जमिनीचा कस, विहिरी, बाजारपेठा यांचा विचार मोजणीखाते कसोशीने करी. परंतु नव्या मोजणीने सारा वाढेल ही कुणब्याची धास्ती कोणत्याही कोष्टकात मावणारी नव्हती. सावदा-फैजपूरकडे लोक जमले, मोजणीस त्यांनी विरोध केला, आणि सरकारास फौज पाठवावी लागली. कागदाने जे वर कळविले नाही, ते कुणब्यांनी स्वतः जमून कळविले. मात्र त्याची किंमत त्यांच्या पुढाऱ्यांस कैदेने मोजावी लागली.