१२०२ : चंद्रावरचा ओव्हरलोड

रविवारी संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास पोटात एक बारीकसा गोळा येतो. उद्या रिलीज, परवा क्लायंटचा कॉल, बुधवारी डेमो, मधेच कुणाचं तरी लग्न... शुक्रवारपर्यंतची सगळी कामं एकदमच डोक्यात रांग लावून उभी राहतात. अशा वेळी मला हटकून आठवतो तो २० जुलै १९६९ चा दिवस. त्या दिवशी चंद्रापासून साधारण दहा किलोमीटर उंचीवर एका कॉम्प्युटरने चक्क सांगितलं होतं, "आता माझ्याच्याने होत नाही!"

नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन 'ईगल'मधून चंद्रावर उतरले हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. उतरताना इंजिन, दिशा, वेग हे सगळं सांभाळत होता अपोलो गायडन्स कॉम्प्युटर, एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत डिझाईन झालेला. त्याची मेमरी ऐकाल तर हसाल. हिशोब करायला २०४८ शब्द आणि प्रोग्राम साठवायला ३६,८६४ शब्द (एक शब्द म्हणजे १६ बिट्स). काकांनी सकाळी पाठवलेला 'सुप्रभात'चा फोटोसुद्धा त्यात बहुधा मावणार नाही.

तर उतरायला सुरुवात होऊन काही मिनिटं झाली, आणि यानात अलार्म वाजून समोर आकडा आला, १२०२. आर्मस्ट्राँगने ह्यूस्टनला विचारलं, हे काय आहे ते सांगा. त्याचा अर्थ असा की नवीन काम घ्यायला कॉम्प्युटरकडे जागाच उरली नव्हती. प्रत्येक कामाला मेमरीचा एक ठरलेला तुकडा लागतो, आणि ते सगळे तुकडे भरलेले होते. पुढच्या काही मिनिटांत असा अलार्म एकूण पाच वेळा आला. चार वेळा १२०२ आणि एकदा त्याचा सख्खा भाऊ १२०१.

आता हा ओव्हरलोड आला कुठून? गंमत इथेच आहे. परत जाताना वर फिरत असलेल्या मायकेल कॉलिन्सच्या यानाला गाठण्यासाठी ईगलवर एक वेगळं रडार होतं. उतरताना त्याची काहीच गरज नव्हती, पण ते चालू होतं. दोन वीजपुरवठ्यांचा ताळमेळ नसल्यामुळे कॉम्प्युटरला वाटत होतं की रडारचा अँटेना सारखा थरथरतोय. प्रत्यक्षात तो जागेवर होता. ही न झालेली थरथर मोजण्यात कॉम्प्युटरचा १३ टक्क्यांच्या आसपास वेळ जात होता! उतरण्याच्या कामात आधीच फारसा मोकळा वेळ नव्हता. त्यात ऑल्ड्रिनने आणखी एक आकडा स्क्रीनवर मागितला आणि घडा भरला.

एखादं साधं सॉफ्टवेअर असतं तर तिथेच हँग झालं असतं, आणि पुढचं बोलायलाच नको. पण एमआयटीच्या हॅल लॅनिंगने या कॉम्प्युटरची मूळ व्यवस्थाच अशी रचली होती की प्रत्येक कामाला एक प्रायॉरिटी असायची. मार्गारेट हॅमिल्टनच्या टीमने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पुढची सोयही होती. फारच गर्दी झाली तर अलार्म द्यायचा, सगळं टाकून रिस्टार्ट व्हायचं, आणि फक्त महत्त्वाची कामं जिथे सोडली होती तिथून उचलायची. त्यामुळे स्क्रीनवरचे आकडे थोडा वेळ गायब झाले तरी इंजिन आणि दिशा यांचा ताबा सुटला नाही. काय टाकून द्यायचं हे त्या कॉम्प्युटरला आधीच माहीत होतं. गर्दीत उभं राहून ठरवायची वेळच आली नाही.

पण मला खरा धडा वाटतो तो जमिनीवरच्या माणसांचा. ह्यूस्टनमध्ये 'पुढे जा' किंवा 'परत फिरा' हे सांगायची जबाबदारी होती गायडन्स ऑफिसर स्टीव्ह बेल्सवर, वय २६. त्याला मागच्या खोलीतून मदत करत होता जॅक गार्मन, वय २४. म्हणजे आपल्या टीममधली पोरंच! उत्तर द्यायला हातात होते जेमतेम काही सेकंद.

झालं असं होतं की लँडिंगच्या काही दिवस आधी सरावात प्रशिक्षकांनी मुद्दाम असाच एक अलार्म टाकला होता. तेव्हा बेल्सने मोहीम रद्द करायला सांगितली. नंतरच्या चर्चेत निघालं की गरज नव्हती, उतरता आलं असतं. मग फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझने फर्मावलं की सगळ्या अलार्मचा छडा लावा. गार्मनने बसून प्रत्येक अलार्म, त्याचा अर्थ आणि तो आला तर काय करायचं, अशी हाताने यादी लिहिली आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवून ठेवली. खऱ्या वेळी १२०२ आला तेव्हा त्याने यादी बघितली. अलार्म सारखा सारखा येत नसेल तर पुढे जा. बेल्सने 'गो' दिला आणि यान उतरत राहिलं.

अर्थात हे सगळं फुकट झालं नाही. अलार्मच्या गडबडीत आर्मस्ट्राँगचं लक्ष आतच अडकलं. बाहेर बघितलं तेव्हा समोर मोठमोठे दगड पसरलेला खड्डा! मग त्याने ताबा हातात घेऊन यान पुढे नेलं आणि फार थोडं इंधन शिल्लक असताना उतरवलं. ओव्हरलोड निभावला तरी त्याची किंमत मोजावी लागतेच.

आपल्या रविवारच्या याद्या असतात 'काय काय करायचंय' याच्या. तशी यादी बघून गोळा आणखी मोठा होतो (निदान माझा तरी). गार्मनची यादी वेगळ्या जातीची होती. अमुक झालं तर काय करायचं, कशाने थांबायचं आणि कशाने अजिबात थांबायचं नाही. डेमो आणि रिलीज एकाच दिवशी अंगावर आले तर काय सोडायचं, कुणाला आधीच कळवून ठेवायचं, हे रविवारी शांत डोक्याने दहा मिनिटांत लिहून होतं. बुधवारी दुपारी चार लोक डोक्यावर उभे असताना ते सुचत नाही. तेव्हा फक्त आधी लिहिलेलं वाचता येतं.

आणि हो, त्या यादीच्या वर एक ओळ रडारसाठी ठेवा. या आठवड्यात ज्याची काही गरज नाही, पण जे मागे चालू राहून तुमचे तेरा टक्के खातंय असं काय आहे? कुणाच्या तरी तीन शब्दांच्या मेलचा अर्थ लावत बसणं, अजून न आलेल्या अप्रेझलची भीती... न झालेली थरथर मोजणंच की हे! ते रविवारीच बंद केलेलं बरं.

असो. पोटातला गोळा यानेही पूर्ण जात नाही. पण चंद्राच्या वाटेवर पाच वेळा अलार्म वाजूनही माणसं उतरली, एवढं आठवलं तरी सोमवारचा गजर थोडा सौम्य वाटतो. बघा, पटतंय का.