तळटीप : संपर्क अधिकारी
संपर्क अधिकारी : ‘मोरिया’ बोट ७ जुलै १९१० रोजी मार्सेयला लागण्याआधीच लंडनच्या पोलिसप्रमुखांनी पॅरिसला पत्र लिहून बोटीवरून कैदी म्हणून भारतात नेल्या जाणाऱ्या सावरकरांविषयी सावध केले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सावरकर निसटले. त्यांना पकडणाऱ्या फ्रेंच जमादाराला मात्र पळणारा कोण हे बहुधा ठाऊकच नव्हते; बोटीवरचा खलाशी समजून त्याने त्यांना परत बोटीवर पोचवले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११च्या निकालात लवादाने या पत्रव्यवहारालाच वजन दिले : ताबा देण्यात अनियमितता झाली, पण फसवणूक नाही; सबब ब्रिटन कैदी परत करण्यास बांधील नाही. फ्रान्सच्या सार्वभौमत्वाची अशी स्वस्तात बोळवण झाली.

आता दोन देशांच्या पोलिसांमधल्या अशा संपर्काच्या वाटा आखलेल्या आहेत. सावर्डे पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्याचा आरोपी आखातात पळाला, तर इंटरपोलकडची विनंती राज्याच्या संपर्क अधिकाऱ्यामार्फत दिल्लीत सीबीआयकडे जाते. परदेशातला पुरावा हवा असेल तर गृह मंत्रालय, प्रत्यार्पण हवे असेल तर परराष्ट्र मंत्रालय.