पेलेट ग्रिल : धुराची चव

लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट. त्या जाळून मंद आचेवर मांस शिजवणारे, विजेच्या जोडणीवर चालणारे अमेरिकी उपकरण म्हणजे पेलेट ग्रिल. यात आच ठरवू तेवढी आणि ठरवू तितका वेळ टिकते, रात्रभर जागून लाकडे सारावी लागत नाहीत. ओकच्या ओंडक्यांवर तासन्‌तास शिजवलेले ब्रिस्केट, म्हणजे गुरांच्या छातीकडचे मांस, खाऊन वाढलेल्या टेक्ससच्या खवय्यांची मात्र एक जुनी तक्रार आहे : यात धूर लागत नाही. तक्रार रास्त आहे. तिचे मूळ या यंत्राच्या गुणातच आहे.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी पेलेट जाळणाऱ्या शेगड्या आल्या. वायव्येकडील ऑरेगन राज्यात लाकूड कापण्याच्या गिरण्यांमुळे भुशाला तोटा नव्हता. तिथल्या माउंट एंजल गावात जो ट्रेगर यांचा घरे तापवण्याच्या यंत्रणांचा व्यवसाय होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी हेच इंधन ग्रिलला जोडले आणि पेटंट घेतले. पुढे पेटंटची मुदत संपली आणि इतर अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या.

रचना साधी आहे. एका बाजूच्या पेटीतून, म्हणजे हॉपरमधून, मळसूत्री दांडा पेलेट थोडे थोडे पुढे ढकलतो. ते पेल्याएवढ्या भांड्यात पडतात, तापलेली सळई त्यांना पेटवते, पंखा वारा घालतो आणि तापमापकाकडे पाहून नियंत्रक हे सगळे चालवतो. मंद आचेवर तासाला साधारण अर्धा ते एक किलो पेलेट पुरतात. एवढी लहान आग, तिला कोरडे इंधन आणि वर सतत वारा, त्यामुळे ज्वलन जवळजवळ पूर्ण होते.

आणि पूर्ण ज्वलन म्हणजे चवीची राख. लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात, ज्योत असते ती मुख्यतः या वायूंची. प्राणवायू भरपूर असेल तर ते जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते. प्राणवायू कमी असून लाकूड धुमसत राहिले तर ते न जळता बाहेर पडतात, आणि चव त्यांच्यातच असते. लाकडातील लिग्निन फुटून ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल तयार होतात. धुराची चव मुख्यतः पहिल्याची, वास दुसऱ्याचा. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजपासून मिळणारी संयुगे मांसाला तांबूस-तपकिरी रंग आणि किंचित गोडसरपणा देतात. चीड-देवदार वर्गातील लाकडात सिरिंगॉल देणारा लिग्निन जवळपास नसतो, राळ मात्र असते. म्हणून ते लाकूड स्वयंपाकाला वर्ज्य.

धूर वाढवण्याचा पहिला इलाज आच उतरवण्याचा. २२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १०७ अंश सेल्सिअसच्या खाली ग्रिल जास्त धुमसतो. मांस पहिले दोन-तीन तास ८० ते ९५ अंश सेल्सिअसवर ठेवून मग आच वाढवावी. काही कंपन्यांनी यासाठी वेगळे बटण दिले आहे. ट्रेगरचे ‘सुपर स्मोक’ १६५ ते २२५ अंश फॅरनहाइटमध्येच चालते. जुन्या नियंत्रकांत पेलेट टाकण्यातील विराम हाताने वाढवता येई. आच हेलकावे खाई, पण धूर अधिक येई. विराम फार वाढला तर आग विझते, भांड्यात न जळलेले पेलेट साचतात आणि पुन्हा पेटवताना भडका उडतो.

खरा उपयोगी इलाज दुसरा आहे : स्मोक ट्यूब. ही भोके पाडलेली स्टेनलेस स्टीलची नळी, बहुधा १५ किंवा ३० सेंटिमीटर लांबीची. तीत पेलेट भरून एक टोक गॅस टॉर्चने पेटवायचे, पाच-दहा मिनिटे ज्योत धरू द्यायची, मग फुंकून विझवायची. निखारा हळूहळू पुढे सरकतो आणि मोठी नळी काही तास धूर देते. ग्रिलचे तापमान नियंत्रक सांभाळतो, धुराचे काम नळी करते. दोन्ही कामे एकाच आगीवर टाकली नाहीत की यंत्राचा गुण धुराच्या आड येत नाही. नळी जाळीच्या कडेला आडवी ठेवावी, चरबी ठिबकते तिथे नको. पेलेट दमट असतील तर निखारा मध्येच विझतो. ग्रिल न पेटवता केवळ नळीवर चीज किंवा मीठही धुरावता येते. धूर दाट पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा झाला तर मांस कडवट होते, विरळ निळसर धूर चांगला.

मांसाची बाजूही आहे. धूर थंड आणि ओलसर पृष्ठभागावर अधिक बसतो. म्हणून मांस फ्रीजमधून काढून थेट ठेवावे आणि अधूनमधून पाण्याचा किंवा सफरचंदाच्या व्हिनेगरचा फवारा मारावा. मांस ६० अंश सेल्सिअसवर गेले की धूर घेणे थांबवते, असे अनेक जण सांगतात. ते चूक आहे. त्या सुमारास थांबते ते कडेचे गुलाबी वलय, कारण धुरातील नायट्रिक ऑक्साइड ज्याला धरतो ते मायोग्लोबिन तेव्हा बिघडू लागते. वलय दिसायला देखणे, चवीशी त्याचा संबंध नाही. धूर शेवटपर्यंत पृष्ठभागावर बसत राहतो, म्हणून मांस कागदात किंवा फॉइलमध्ये लवकर गुंडाळू नये.

लाकडाच्या जातीवर खवय्ये सर्वांत जास्त वाद घालतात. फरक त्या मानाने थोडा. हिकरी आणि मेस्किट उग्र, सफरचंद आणि चेरी सौम्य. पाकिटावर हिकरी लिहिले असले तरी आत बहुतेकदा ओक किंवा आल्डरचा भुसा मिसळलेला असतो, तेव्हा घटक वाचून घ्यावेत. घर तापवण्याचे पेलेट स्वयंपाकाला कधीही वापरू नयेत.

आपल्याकडचा धुंगार याच कुळातला, पण वेगळा. तिथे निखाऱ्यावर तूप सोडून झाकण घालतात, त्यामुळे चव मुख्यतः जळलेल्या तुपाची येते, लाकडाची नव्हे.

ग्रिल आणि नळी, दोन्ही उघड्यावरच वापरावीत. धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि बंद गॅरेजमध्ये तो जीव घेतो. ओंडक्यांवर चालणाऱ्या ऑफसेट स्मोकरचा धूर पेलेट ग्रिल देत नाही. तोच हवा असेल त्याने ऑफसेट घ्यावा आणि रात्र जागावी. बाकीच्यांनी महागडे नवे मॉडेल घेण्याआधी एक नळी वापरून पाहावी.