निषिद्ध नगरी कोणी उभारली?

चीनची राजधानी बीजिंग. या शहराच्या मधोमध जुन्या बादशहांचा राजवाडा आहे. वाडा कसला, भिंतीआड वसलेलं एक गावच! सुमारे १८० एकर जागा, भोवती १० मीटर उंच तट आणि बाहेर ५२ मीटर रुंद खंदक. साध्या रयतेला आत पाऊल टाकायला बंदी, म्हणून नाव पडलं निषिद्ध नगरी. पिवळ्या चकाकत्या कौलांचा मानही बादशहाचाच. रयतेनं तशी कौलं घरावर घालायची नाहीत.

मिंग घराण्याच्या योंगल बादशहानं पुतण्याची गादी बळकावली आणि राजधानी नानजिंगहून बीजिंगला हलवली. १४०६ साली वाड्याचा हुकूम निघाला, १४२० साली काम पुरं झालं. पुढे १९१२ पर्यंत २४ बादशहा झाले. त्यांची नावं पुस्तकात ओळीनं सापडतात. पण वाडा काही त्यांनी आपल्या हातानं बांधला नाही.

खांबांसाठी लाकूड सिच्वानसारख्या दूरच्या डोंगराळ प्रांतांतून यायचं. हजार माणसं डोंगरात गेली तर पाचशेच परत येतात, असं तिकडं लोक बोलत.

दगडाची हकिगत तर त्याहून मोठी. १५५७ साली आगीत मुख्य दालनं जळाली. ती पुन्हा बांधायला १२३ टनांची एक शिळा सुमारे ७० किलोमीटरवरून आणली. चाकाच्या गाडीचा भरवसा नव्हता. म्हणून कडाक्याच्या थंडीत वाटेवर बर्फ करायचा, शिळा बिनचाकी लाकडी घसरगाडीवर ठेवायची आणि वर पाणी ओतत माणसांनी ती ओढायची. त्यासाठी वाटेत ठिकठिकाणी विहिरी खणल्या होत्या. २८ दिवस लागले. ओढणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

एका कारागिराचं नाव मात्र टिकलं. क्वाई शियांग हा सुचौकडचा सुतार. खाचेत खाच बसवून तुळया जोडायच्या कामात त्याचा हात धरणारा नव्हता. हा सुतार पुढे बांधकाम खात्याचा उपमंत्री झाला. पण असा एखादाच!

१९१२ साली सहा वर्षांच्या पूयी बादशहाची गादी गेली. १९२४ साली त्याला वाड्याबाहेर काढलं आणि १० ऑक्टोबर १९२५ रोजी तिथं संग्रहालय उघडलं. ज्यांच्या पूर्वजांनी दगड ओढले, त्यांची लेकरं आज त्याच दरवाजातून ताठ मानेनं आत जातात. बंधू-भगिनींनो, या वाड्याचं चित्र कधी पाहिलंत तर आधी पायऱ्यांचा दगड पाहा, सिंहासन मागाहून.